वऱ्हाडच्या वाटेने राणीच्या बागेकडे : डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाची वास्तू, संग्रह आणि परिसर

प्रस्तावना

अकोल्याच्या जठारपेठेतून किंवा अमरावतीच्या एखाद्या महाविद्यालयातून निघालेली शैक्षणिक सहल मुंबईस पोहोचली की तिचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. गेटवे ऑफ इंडिया, जमल्यास घारापुरी, मरीन ड्राइव्ह आणि भायखळ्याची राणीची बाग. बागेत विद्यार्थी वाघ व पेंग्विन पाहतात, झाडाखाली डबे सोडतात आणि परतीच्या गाडीचा विचार करू लागतात. बागेच्या प्रवेशद्वाराजवळच उभी असलेली दुमजली, कमानदार इमारत बहुतेकांच्या नजरेतून निसटते. ही इमारत म्हणजे मुंबईतील सर्वांत जुने संग्रहालय. १८७२ मध्ये ते ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम’ या नावाने लोकांसाठी खुले झाले आणि १ नोव्हेंबर १९७५ पासून ‘डॉ. भाऊ दाजी लाड मुंबई शहर संग्रहालय’ या नावाने ओळखले जाते.

संग्रहालयाच्या नावातच ‘मुंबई शहर’ असल्यामुळे वऱ्हाडातील अभ्यासकाला ते परक्या गावाचे वाटणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखात या समजुतीची तपासणी केली आहे. ज्या वर्षांत या वास्तूची पायाभरणी झाली आणि ज्या आपत्तीत तिचे काम रखडले, त्या वर्षांचा इतिहास कापसाचा आहे, आणि कापसाचा इतिहास वऱ्हाडाला वगळून लिहिता येत नाही. संग्रहालय शहराची कथा सांगते. त्या शहराला पोसणाऱ्या मागच्या मुलखाची कथा मात्र पाहणाऱ्याने सोबत न्यावी लागते. ती सोबत नेली तर भेटीचे स्वरूप कसे पालटते, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

प्रबोधनकालीन वाडा आणि शहराची स्मृती

शहराचा इतिहास त्याच शहरातील जुन्या उमरावी वाड्यात मांडावा, ही कल्पना युरोपात एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. पॅरिसचे कार्नाव्हाले संग्रहालय हे तिचे ठळक उदाहरण. हा वाडा १५४८ पासून पुढे पॅरिसच्या न्यायसभेचे एक अध्यक्ष झाक दे लिन्येरी यांच्यासाठी बांधला गेला. फ्रान्समधील प्रबोधनकालीन नागरी वास्तुशैलीचे जे थोडे नमुने शिल्लक आहेत त्यांत त्याची गणना होते. सतराव्या शतकात पत्रलेखिका म्हणून कीर्ती पावलेल्या मादाम द सेव्हिन्ये यांचे वास्तव्य १६७७ ते १६९६ या काळात येथेच होते. १८६६ मध्ये पॅरिस नगरपालिकेने हा वाडा विकत घेतला आणि १८८० मध्ये तेथे शहराच्या इतिहासाचे संग्रहालय सुरू झाले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ज्या नगरप्रशासनाने हा वाडा विकत घेतला, त्याच प्रशासनाच्या हुकुमाने त्या वर्षांत बॅरन ओसमान यांच्या देखरेखीखाली जुन्या पॅरिसच्या गल्ल्या आणि घरे पाडून रुंद रस्ते काढले जात होते. पाडणारा हात आणि जतन करणारा हात एकच होता.

मुंबईत प्रबोधनकालीन वाडा असण्याचा प्रश्नच नव्हता. इटलीत ती शैली बहरली तेव्हा मुंबई सात बेटांची होती. मात्र पाडणे आणि जतन करणे यांची सांगड मुंबईतही जवळजवळ त्याच वर्षांत दिसून येते. सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत, १८६० च्या दशकाच्या पूर्वार्धात, मुंबईच्या किल्ल्याचे तट पाडण्यात आले. त्याच फ्रियर यांनी १९ नोव्हेंबर १८६२ रोजी भायखळ्यास संग्रहालयाच्या इमारतीची कोनशिला बसवली. पॅरिसला जुना वाडा मिळाला. मुंबईने इटलीच्या जुन्या वाड्यांचा थाट उसना घेऊन नवी इमारत उभी केली. हा फरक क्षुल्लक नाही. कार्नाव्हालेत वास्तू हीच संग्रहातील पहिली स्थानिक वस्तू ठरते. भायखळ्यास वास्तू परदेशी वेषात आहे, आणि स्थानिकता आतल्या संग्रहात व बाहेरच्या आवारात शोधावी लागते.

वास्तू

सोळाव्या शतकातील इटालियन वास्तुकार आंद्रेआ पॅलाडिओ याने प्राचीन रोमन मंदिरांची प्रमाणबद्धता धनिकांच्या निवासांना लावली. १५७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या वास्तुविषयक ग्रंथामुळे ही पद्धती पुढे इंग्लंडात आणि तेथून वसाहतींत पोहोचली. मध्यभागी प्रवेश, त्याच्या दोन्ही बाजूंस सारख्या अंतरावर सारख्या कमानी, खांबांच्या रांगा आणि एकूण रचनेत काटेकोर समतोल ही तिची लक्षणे. भायखळ्याच्या इमारतीचा दर्शनी भाग याच घराण्यातला आहे. आराखडा विल्यम ट्रेसी यांनी तयार केला. त्यांच्या निधनानंतर स्कॉट, मॅक्लेलंड आणि कंपनीने काम पुढे नेले.

मुंबईच्या वास्तुइतिहासात या दर्शनी भागाला कालखुणेचे मोल आहे. विद्यापीठ, उच्च न्यायालय, व्हिक्टोरिया टर्मिनस या शहराची ओळख बनलेल्या इमारती गॉथिक वळणाच्या आहेत आणि त्या यानंतरच्या. १८६२ मध्ये ती लाट अजून यायची होती. भायखळ्याची इमारत पाच-सात वर्षे उशिरा आखली गेली असती, तर तिलाही बहुधा टोकदार कमानी लाभल्या असत्या. विद्यार्थ्यांना शैलीवरून काळ ओळखण्यास शिकवायचे असेल, तर व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, आणि हे संग्रहालय एकाच दिवशी दाखवण्यासारखा दुसरा सोपा पाठ नाही.

आत पाऊल टाकताच बाहेरचा संयम संपतो. दुमजली उंचीचे सलग दालन, त्याला चहूबाजूंनी वेढणारा सज्जा, बिडाचे सडपातळ खांब, त्यांची पानाफुलांनी मढलेली कॉरिंथियन शीर्षे, नक्षीदार कठडे, सोन्याचा वर्ख, हिरव्या रंगाच्या भिंती आणि पायाखाली इंग्लंडातील मिंटन कारखान्याच्या रंगीत फरश्या. दालनाच्या टोकाशी राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांचा मॅथ्यू नोबल यांनी घडविलेला संगमरवरी पुतळा आहे. तो डेव्हिड ससून यांची देणगी. बाहेर इटालियन प्रबोधनाची शिस्त आणि आत व्हिक्टोरियन इंग्लंडची हौस असा हा जोड आहे. तो सर्वांनाच रुचेल असे नाही. पण बिडाचे काम नीट न्याहाळावे. जे लोखंड रेल्वेचे पूल आणि स्थानकांची छपरे घडवीत होते, त्याच लोखंडाने येथे प्राचीन मंदिराच्या खांबाचे रूप घेतले आहे. औद्योगिक क्रांतीने प्रबोधनाचा मुखवटा कसा चढवला, याचा हा हाताने स्पर्शावा असा पुरावा होय. अर्थात संग्रहालयात स्पर्श करू नये हे वेगळे.

उठाव, बराकी आणि देणगीदार

संग्रहालयाची संस्था या इमारतीहून जुनी आहे. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनानंतर जगभर औद्योगिक प्रदर्शनांची लाट आली. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी मुंबई इलाख्यातून कारागिरीच्या वस्तू, धान्ये, खनिजे, कापड यांचे नमुने गोळा करण्यात आले. त्यांच्या जोडनमुन्यांतून मुंबईत कायमस्वरूपी संग्रह करण्याची कल्पना पुढे आली आणि फोर्टमधील टाउन बराकींत संग्रह मांडण्यात आला. ‘बॉम्बे टाइम्स’चे संपादक राहिलेले डॉ. जॉर्ज बुइस्ट हे त्याचे व्यवस्थापक होते. १८५७ चा उठाव झाला आणि सैन्यासाठी बराकी तातडीने रिकाम्या करण्याचा आदेश निघाला. त्या धांदलीत संग्रहाची मोठी नासधूस झाली. मुंबईचे पहिले संग्रहालय अशा रीतीने उठावाची झळ लागलेली संस्था आहे. मात्र ती झळ बंडखोरांकडून न लागता सरकारच्या घाईतून लागली.

पुढची जुळवाजुळव डॉ. जॉर्ज बर्डवुड, जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी यांनी केली. १८५८ मध्ये कंपनीचे राज्य संपून राणीचे राज्य सुरू झाले, तेव्हा राणी व तिचे पती यांच्या नावाने संग्रहालय व उद्यान उभारण्यासाठी लोकवर्गणीची मोहीम सुरू झाली. राजनिष्ठेचे नाव आणि नागरी सोयीचा लाभ अशी ही दुहेरी गुंफण त्या पिढीच्या अनेक कार्यांत आढळते. तिला केवळ लाचारी म्हणून निकालात काढणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. त्या पिढीने शाळा, वाचनालये व संग्रहालये मिळविली ती याच भाषेतून.

रामकृष्ण विठ्ठल लाड ऊर्फ डॉ. भाऊ दाजी यांचा वऱ्हाडाशी असलेला संबंध सहसा सांगितला जात नाही, म्हणून तो येथे थोडा विस्ताराने नमूद करणे आवश्यक आहे. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक असलेले भाऊ दाजी हे व्यवसायाने वैद्य होते, तसेच प्राचीन लेखांचे वाचक होते. अजिंठ्याच्या लेण्यांतील शिलालेखांच्या प्रती घेऊन त्यांचे वाचन त्यांनी १८६० च्या दशकात रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकातून प्रसिद्ध केले. सोळाव्या क्रमांकाच्या लेण्यातील लेख वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने कोरविलेला आहे आणि त्यात वाकाटक राजांची वंशावळ येते. हे राजे वाकाटकांच्या ज्या शाखेचे, तिची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशिम. या शाखेचे स्वतंत्र अस्तित्व स्पष्ट झाले ते १९३९ मध्ये वाशिम येथे ताम्रपट सापडल्यानंतर, आणि त्याचा साक्षेपी अभ्यास महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी केला. वाशिम १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यातच होते. तेव्हा संग्रहालयाच्या दारावर ज्यांचे नाव आहे, त्या गृहस्थांनी वऱ्हाडच्या राजवंशाचा दगडावरील पत्ता वाचला होता, आणि त्या पत्त्यावरचे घर सापडण्यास पुढे पाऊणशे वर्षे लागली. संग्रहालयात शिरण्यापूर्वी विद्यार्थ्यांना एवढे सांगितले, तरी दारावरचे नाव अनोळखी राहत नाही.

‘ऊमरा’ आणि १८६५

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस आटला. लिव्हरपूलच्या बाजाराची नजर मुंबईकडे वळली. गुजरात, खानदेश, धारवाड आणि वऱ्हाड येथील कापसाचे भाव अनेक पटींनी चढले. वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेले होते. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग घाट ओलांडून भुसावळमार्गे पूर्वेकडे सरकत होता आणि १८६७ मध्ये तो नागपुरास पोहोचला. तोवर वऱ्हाडातील रुई बैलगाड्यांच्या तांड्यांनी रेल्वेच्या टोकापर्यंत जात असे.

मुंबईच्या बाजारात या कापसाला त्याच्या मुलखाचेच नाव होते. अमरावतीचे इंग्रजी रूप ‘ऊमरावती’. त्याचा संक्षेप ‘ऊमरा’. लिव्हरपूलच्या दलालाला अमरावती नकाशावर दाखवता आली नसती, पण ‘ऊमरा’ म्हणजे कोणत्या धाग्याचा, किती कचऱ्याचा आणि कोणत्या भावाचा कापूस, हे त्याला तोंडपाठ होते. गावाचे नाव मालाची प्रत बनून जगभर फिरले. स्थानिक इतिहासाचा अभ्यास म्हणजे गावापुरता अभ्यास नव्हे, हे समजाविण्यासाठी यापेक्षा चपखल उदाहरण मिळणे कठीण.

या तेजीत मुंबईत पैशाचा पूर आला. बँका, वित्तसंस्था, समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या कंपन्या रोज नव्या निघू लागल्या आणि त्यांच्या समभागांचा सट्टा शिगेस पोहोचला. याच वर्षांत भायखळ्याची इमारत जमिनीतून वर येत होती. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि जुलैपासून मुंबईतील पेढ्या एकामागून एक बुडू लागल्या. देणग्यांचा ओघ आटला व संग्रहालयाचे काम रखडले. भाऊ दाजींनाही या पडझडीत मोठा आर्थिक फटका बसला. जगन्नाथ शंकरशेट त्याच जुलैच्या अखेरीस, ३१ तारखेस, निवर्तले. अखेर सरकारी साहाय्याने इमारत १८७१ मध्ये पूर्ण झाली आणि २ मे १८७२ रोजी ती लोकांसाठी उघडली. भाऊ दाजींना तो दिवस पाहता आला. त्यानंतर दोन वर्षांनी, १८७४ मध्ये, त्यांचे निधन झाले.

या सर्व हिशेबात वऱ्हाडच्या शेतकऱ्याचा वाटा किती, हे आकड्यांत मांडण्याचा मोह टाळलेला बरा. तेजीचा नफा मुख्यतः निर्यातदार, दलाल आणि सावकार यांच्या हाती राहिला, आणि भाव पडल्यावर वाढलेला सारा व वाढलेले कर्ज शेतकऱ्याच्या माथी आले, हे मात्र दख्खन आणि वऱ्हाड या दोन्ही प्रदेशांच्या पुढील इतिहासातून दिसते. देणगीदारांची नावे अशा इमारतींत सहसा कोरलेली असतात. देणगी जेथून उगवली त्या जमिनीचे नाव कोरण्याची पद्धत नसते.

संग्रह : मातीची माणसे

तळमजल्यावरील दालनांत हस्तिदंत, शिंग, चांदी, तांबे-पितळ, बिदरी काम, लाकडी कोरीव काम, मृत्पात्रे अशा औद्योगिक कलांच्या वस्तू आहेत. त्यांकडे पाहताना त्या ‘कलाकृती’ म्हणून गोळा झालेल्या नव्हत्या, हे ध्यानात ठेवावे. त्या विक्रीयोग्य मालाचे नमुने होते. कोणत्या इलाख्यात काय बनते, त्याला युरोपात गिऱ्हाईक मिळेल काय, हा संग्रहामागचा मूळ प्रश्न होता.

वरच्या मजल्यावर मुंबईचा इतिहास आहे : सात बेटांचे नकाशे, जुनी शिळाछापाची चित्रे, जहाजांच्या व होड्यांच्या प्रतिकृती, पारशी समाजाच्या दखम्याची प्रतिकृती, आणि पाहणाऱ्यांना सर्वाधिक रेंगाळत ठेवणारी मातीची माणसे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेचे प्राचार्य सेसिल बर्न्स हे संग्रहालयाचेही व्यवस्थापक होते. त्यांच्या काळात निरनिराळ्या जाती, पंथ व व्यवसाय यांच्या छोट्या मृण्मूर्ती आणि जनजीवनाचे देखावे घडवून मांडण्यात आले. पागोट्याची प्रत्येक तऱ्हा, धोतराचा प्रत्येक काचा, कुंकवाची आडवी-उभी रेघ कारागिरांनी विलक्षण नेमकेपणाने टिपली आहे. मुले येथे आनंदतात, आणि वयस्क माणसेही आपल्या आजोबांचे पागोटे ओळखून थबकतात.

येथे शिक्षकाने थोडे थांबावे. या मूर्तींना नावे नाहीत. जात आहे, धंदा आहे, पोशाख आहे; व्यक्ती नाही. एका माणसावरून संपूर्ण समाज ओळखता येतो, ही वसाहतकालीन मोजणी-नोंदणीची धारणा त्यांच्या मुळाशी आहे. जनगणनेचे तक्ते, जाती-जमातींचे कोश आणि ही काचेच्या कपाटातील माणसे हे एकाच दृष्टीचे आविष्कार होत. दुसरीकडे, मूर्ती घडविणारे हात याच मातीतले होते. ज्या कारागिराने शिंपी घडवला त्याने शिंप्याची बसण्याची ढब दररोज पाहिलेली होती, आणि ती ढब तक्त्यात मावणारी नाही. साहेबाने मागितलेला नमुना आणि कारागिराने दिलेला माणूस यांतील अंतर ज्याला दिसले, त्याला या दालनाचा खरा लाभ झाला असे म्हणता येईल. विद्यार्थ्यांना प्रत्येकी एक मूर्ती निवडून तिच्या हातातील हत्याराचे नाव वऱ्हाडी बोलीत लिहावयास सांगावे. पिंजारी, सुतार, कुंभार यांची हत्यारे ओळखताना अर्ध्या वर्गाची पंचाईत होते, आणि ती पंचाईत फार बोलकी असते.

संग्रहालय जुन्या वस्तूंपाशीच थांबलेले नाही. जीर्णोद्धारानंतर समकालीन कलावंतांना या जुन्या दालनांत आपले काम मांडण्यास बोलाविण्याची प्रथा सुरू झाली. जितीश कल्लट यांचे २०११ मधील प्रदर्शन हे त्याचे परिचित उदाहरण.

आवार : हत्ती आणि पदच्युत पुतळे

इमारतीबाहेरचे आवार अनेकदा घाईत ओलांडले जाते. वास्तविक वऱ्हाडच्या अभ्यासकाला सर्वांत जवळचे धागे येथेच सापडतात.

घारापुरी बेटाला पोर्तुगिजांनी ज्या दगडी हत्तीवरून ‘एलिफंटा’ हे नाव दिले, तो हत्ती येथे आहे. १८१४ च्या सुमारास त्याची मान ढासळली. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला. उचलताना यारीची साखळी तुटली, हत्तीचे तुकडे झाले आणि ते तुकडे राणीच्या बागेत आणून टाकले गेले. १९१४ मध्ये ते जुळवून हत्ती पुन्हा उभा करण्यात आला. सांधे आजही दिसतात. एका तुटलेल्या साखळीमुळे तो मुंबईत राहिला, हे विद्यार्थ्यांना सांगितले की वस्तू संग्रहालयात ‘येते’ म्हणजे काय होते, यावर वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही.

स्वातंत्र्यानंतर, विशेषतः १९६० च्या दशकात, मुंबईच्या चौकांतून काढलेले ब्रिटिश सत्ताधीशांचे पुतळे याच आवारात आणून ठेवले गेले. त्यांत राणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा आहे. तो बडोद्याचे खंडेराव गायकवाड यांच्या देणगीतून आला होता. १८९६ मध्ये दामोदर हरी चापेकर यांनी याच पुतळ्याला डांबर फासून त्याच्या गळ्यात जोड्यांची माळ घातली होती. पुढच्याच वर्षी पुण्यात रँडचा वध झाला. मराठी विद्यार्थ्याने पाठ्यपुस्तकात वाचलेली घटना येथे दगडाच्या रूपाने समोर उभी राहते.

या पुतळ्यांत गव्हर्नर जनरल मार्क्विस वेलस्ली यांचाही पुतळा आहे. त्यांच्याच कारकिर्दीत त्यांचे धाकटे बंधू आर्थर वेलस्ली यांनी २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला आणि १५ डिसेंबरला गाविलगड घेतला. दोन दिवसांनी झालेल्या देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेला व निजामाकडे सोपविला गेला. तेल्हारा तालुक्यातील अडगाव ते भायखळ्याच्या झाडाखालील हा पुतळा, अशी सरळ रेघ येथे ओढता येते. जठारपेठेहून आलेल्या विद्यार्थ्याने या पुतळ्यासमोर उभे राहून ‘हा आमच्याही इतिहासातला’ असे म्हटले, तर त्यात काहीच वावगे नाही.

पडझड आणि जीर्णोद्धार

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संग्रहालयाला अवकळा आली. छप्पर गळत होते, वस्तूंना बुरशी धरली होती आणि बागेत येणारे लोक पावसापासून आडोसा म्हणून आत डोकावत. फेब्रुवारी २००३ मध्ये बृहन्मुंबई महानगरपालिका, इंटॅक आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. तस्नीम झकेरिया मेहता यांच्या नेतृत्वाखाली आणि वास्तुसंवर्धक विकास दिलावरी यांच्या सहभागाने जीर्णोद्धाराचे काम झाले. २००५ मध्ये त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा सर्वोच्च संवर्धन पुरस्कार मिळाला आणि २००८ च्या प्रारंभी संग्रहालय पुन्हा खुले झाले. पैसा खाजगी, मालकी सार्वजनिक आणि ज्ञान तज्ज्ञांचे, ही त्रयी जुळणे किती दुर्मीळ असते, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. जमनालाल बजाज यांची कर्मभूमी वर्धा, आणि कापसाचा व्यापार हाच त्या घराण्याच्या उद्योगाचा आरंभ. विदर्भाच्या कापसाची एक गाठ अशी दीड शतकानंतर पुन्हा या इमारतीशी येऊन जुळते.

वऱ्हाडातून पाहताना

अकोल्याहून रात्रीच्या गाडीने निघालेला प्रवासी सकाळी दादरला उतरतो; तेथून मध्य रेल्वेच्या लोकलने भायखळा, आणि स्थानकाच्या पूर्वेस चालत थोडक्या वेळात संग्रहालय. भायखळा स्थानकाची जुनी इमारतही पाहण्याजोगी असून तिच्या जीर्णोद्धारास २०२२ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार लाभला. संग्रहालय बुधवारी बंद असते, आणि जुनी इमारत असल्यामुळे डागडुजीसाठी ती मध्येच बंद राहू शकते. म्हणून सहल आखण्यापूर्वी चौकशी करावी. हार्बर मार्गावरील ‘कॉटन ग्रीन’ हे स्थानक येथून फार दूर नाही. तेथे कापसाच्या गाठींची गोदामे व बाजार होता. वेळ असल्यास तेही परतीच्या वाटेवर पाहावे.

परतल्यावरचा अभ्यास अधिक कठीण आहे. अकोला जिल्ह्यातील राजनापूर खिनखिनी येथे सापडलेल्या जैन धातुमूर्ती नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, लोकांच्या भाषेत ‘अजब बंगल्या’त, आहेत. १८६३ मध्ये स्थापन झालेल्या त्या संग्रहालयाने त्या सांभाळल्या हे उपकारच. पण मूर्तिजापूर तालुक्यातील विद्यार्थ्याला आपल्या गावच्या मूर्ती पाहण्यासाठी नागपूर गाठावे लागते. मूर्तींना निदान एक पत्ता तरी मिळाला. जिनिंग-प्रेसिंगच्या जुन्या कारखान्यांतील बिडाची यंत्रे, आडत्यांच्या मोडी लिपीतील वह्या, गाठींवर उमटवावयाचे मार्क्याचे ठसे, वजनाचे मोठे काटे, घराघरांतील सरकी काढण्याच्या चरक्या यांना तोही मिळालेला नाही. यंत्रे भंगारात जातात, वह्या रद्दीत. मोडी वाचणारी पिढी विरळ होत चालली आहे, त्यामुळे वाचलेल्या वह्याही लवकरच मुक्या होतील.

कार्नाव्हालेसारखा वाडा किंवा भायखळ्यासारखे सोनेरी दालन यासाठी लागत नाही. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय एका व्यक्तीने घरगुती वापरातील अडकित्ते, दिवे, कुलुपे, भांडी गोळा करीत उभे केले आणि १९७५ मध्ये ते शासनाच्या स्वाधीन झाले. महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला एक खोली, एक नोंदवही आणि विद्यार्थ्यांची दोन तुकड्यांची चिकाटी एवढ्यावर प्रारंभ करता येतो. नोंदवहीत प्रत्येक वस्तूपुढे तीन रकाने असावेत : वस्तू कोणाची, ती कशासाठी वापरली जाई, आणि तिचे स्थानिक नाव काय. भायखळ्याच्या मातीच्या माणसांपुढे यांपैकी पहिला रकाना रिकामा आहे. अकोल्यात तो भरता येण्याजोगा आहे, कारण ज्यांच्या घरी चरकी माळ्यावर पडून आहे अशी कुटुंबे याच शहरात आहेत आणि त्यांची मुले वर्गात बसलेली आहेत.